सोबत्याची कुरकुर हे लक्षण असतं

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वाळवंटातल्या घळीत दोघांनी केलेल्या पायपिटीवरचे विनोदी लेख प्रवास-पुरवण्यांतून अधूनमधून येतात. त्यांतली पात्रं ओळखीची असतात: एक उत्साही, दुसरा त्याच्या आग्रहाखातर आलेला. उतरताना गप्पांना ऊत येतो, चढताना अबोला. मग सोबती दगडावर फतकल मारून बसतो, ‘मी इथंच राहतो, तू जा’ म्हणतो, खायला नको म्हणतो, बाटलीचं झाकण चार वेळा वाकडं लावतो, भलतंच काही तरी बोलतो. वाचताना हसू येतं आणि ते यावंही. दोन माणसं आणि एक कठीण वाट यांतून विनोद निघणं साहजिक आहे. पण वर लिहिलेली शेवटची चारही कामं, म्हणजे बसून राहणं, अन्न नाकारणं, हातांना साधं काम न जमणं आणि असंबद्ध बोलणं, ही उष्णतेचा त्रास सुरू झाल्याची किंवा रक्तातलं सोडियम घटल्याची लक्षणं आहेत. वाचणाऱ्याला ती फक्त गंमत म्हणून लक्षात राहिली, तर तो स्वतः तिथं गेल्यावर सोबत्याकडे बघून हसेल आणि हसण्यात पाऊण तास जाईल. आम्ही अशा वाटांवर चालणारी आणि नवख्यांची तयारी करून घेणारी माणसं आहोत. पत्र लांबलं आहे, पण विषय चार ओळींत मावणारा नाही.

आधी या जागेचा स्वभाव सांगायला हवा. डोंगर चढताना दम लागतो, पोटऱ्या भरून येतात, माणूस मागं फिरतो आणि परतीची वाट उताराची असते. कॅन्यनमध्ये, म्हणजे नदीनं कोरलेल्या खोल घळीत, सगळं उलटं. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी उतरायचं आणि दुपारी, तापलेल्या कातळाच्या भिंतींमधून, थकलेल्या पायांनी चढायचं. आपण जास्त खाली आलो हे तळाशी गेल्यावरच कळतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या ग्रँड कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण घेऊ. दक्षिण काठावरून निघणारी ब्राइट एंजल वाट नदीकाठच्या तळापर्यंत सुमारे १५ किलोमीटर जाते आणि तेवढ्यात साधारण १,३४० मीटर उतरते. साउथ कायबॅब वाट सुमारे ११ किलोमीटरची, पण ती १,४५० मीटरच्या वर उतरते आणि तिच्यावर पाण्याचा थेंब नाही. कोरडी हवा दर १०० मीटर उतरणीला सुमारे १ अंश सेल्सियसनं तापते. म्हणजे काठावर अंगात स्वेटर असताना तळाशी १२-१३ अंशांनी जास्त ऊन असतं. उन्हाळ्यात तळाचा पारा सहज ४० अंशांच्या पुढं जातो आणि हा आकडा सावलीतला. काठापासून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ नका, विशेषतः मे ते सप्टेंबर या काळात, असं उद्यानाचे फलक बजावतात. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात चढू नका, हेही त्यांचंच सांगणं. १९९७ पासून तिथं रेंजर (उद्यानाचे रक्षक) आणि स्वयंसेवक वाटेवर उभे राहून खाली जाणाऱ्यांची विचारपूस करतात: पाणी किती, खायला काय, कुठवर जाणार. ते वाट अडवत नाहीत, पण प्रश्न नीट ऐकून उत्तर द्यावं. उत्तर देताना अडखळायला झालं, तर तयारी अपुरी आहे.

वेळेचं गणित साधं आहे: उतरायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला. हाताशी ६ तास असतील तर उतरण्यात २ घालवायचे, मग समोरचा नजारा कितीही खुणावत असो. पाण्याचाही तोच हिशोब, एक तृतीयांश उतरताना आणि दोन तृतीयांश चढण्यासाठी. ‘अर्धं संपलं की परत’ हा नियम इथं घात करतो. अर्धं संपतं तेव्हा दोन तृतीयांश मेहनत अजून पुढं उभी असते. पहिल्यांदाच जाणाऱ्या जोडीनं साउथ कायबॅबवर ऊ-आ पॉइंटपर्यंत (एका बाजूनं सुमारे दीड किलोमीटर) किंवा फार तर सीडर रिजपर्यंत (सुमारे २.४ किलोमीटर) जाऊन फिरावं. ब्राइट एंजलवर पहिलं विश्रांतिघरही काठापासून सुमारे २.४ किलोमीटरवर आहे. त्यापुढं जायचं तर पुढचं विश्रांतिघर ४.८ किलोमीटरवर आणि हवासुपाई गार्डन्स सुमारे ७.२ किलोमीटरवर. जुन्या नकाशांत आणि पुस्तकांत या जागेचं नाव इंडियन गार्डन असं आहे. ते २०२२ मध्ये बदललं. दोघांपैकी एकाकडे जुना नकाशा आणि दुसऱ्याकडे नवा असेल तर इथं नक्की घोळ होतो.

विश्रांतिघरांवरचं पाणी बारमाही नाही, आणि कॅन्यन ओलांडून पाणी आणणारी जुनी पाइपलाइन वारंवार फुटते. म्हणून नकाशावर नळाची खूण आहे एवढ्यावर विसंबून बाटल्या कमी करू नयेत. निघण्याच्या दिवशी सकाळी चौकशी करावी. उन्हाळ्यात माणशी किमान ४ लिटर सोबत हवं. त्याचं वजन ४ किलो होतं, आणि नेमकं हेच वजन ‘एकच मोठी बाटली दोघांत’ म्हणून कमी केलं जातं. असं अजिबात करू नये. पाणी, शिट्टी, डोक्याचा दिवा, खारट खाऊ आणि नकाशा या पाच वस्तू प्रत्येकाच्या पाठीवर वेगळ्या असाव्यात. चूल, गाळणी, तंबू वाटून घ्यावेत. कारण दोघं एकमेकांपासून सुटणार हे जवळजवळ ठरलेलं असतं: एक फोटोसाठी थांबतो, दुसरा ‘पुढच्या वळणावर भेटू’ म्हणतो, पुढच्या वळणावर वाट फुटलेली असते.

आता मिठाबद्दल. चुका सर्वांत जास्त इथंच होतात.

वाळवंटी हवेत घाम निथळत नाही. तो कातडीवर येतो आणि उडून जातो, मागं शर्टावर पांढरे ओरखडे राहतात. त्यामुळं ‘मला घामच येत नाही’ असं माणसाला प्रामाणिकपणे वाटतं. प्रत्यक्षात चढणीवर तासाला एक लिटरपर्यंत, कधी त्याहून जास्त, घाम जातो आणि दर लिटरमागं साधारण एक ग्रॅम सोडियमही जातं. माणसामाणसांत यात बराच फरक असतो. आता पाणी कमी प्यायलं तर शरीर सुकतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण काही न खाता नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्त पातळ होतं, सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली उतरतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. ग्रँड कॅन्यनमध्ये हा प्रकार डॉक्टरांनी चांगला नोंदवून ठेवला आहे. अडचण अशी की दोन्ही त्रासांचा चेहरा सारखा दिसतो: डोकेदुखी, मळमळ, थकवा, चिडचिड. आणि उपाय मात्र नेमके विरुद्ध. काळजीपोटी सोबती ‘पाणी पी, पाणी पी’ म्हणत राहतो आणि सोडियम घटलेल्या माणसाला आणखी खोल ढकलतो.

फरक ओळखायला तीन गोष्टी विचारायच्या. लघवी शेवटची कधी झाली आणि रंग कसा होता? कित्येक तास झाली नाही किंवा गडद झाली असेल तर पाणी कमी पडलंय. वारंवार आणि पाण्यासारखी होत असेल तर पाणी जास्त झालंय. पोट कसं वाटतं? डबडबलेलं, हललं की पाणी हिंदकळतंय असं वाटत असेल आणि उलटीतही पाणीच पडत असेल, तर संशय सोडियमचा. हातातली अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा रुतायला लागलाय का? बोटं सुजणं हेही त्याच बाजूचं लक्षण. शेवटचं काय आणि कधी खाल्लं, हा प्रश्न तर आपसूक येतोच. सोडियमचा संशय असेल आणि माणूस शुद्धीवर, नीट गिळू शकणारा असेल तर पाणी थांबवून खारट खायला द्यावं आणि सावलीत बसवावं. बोलणं असंबद्ध झालं, झटका आला किंवा शुद्ध हरपली तर तोंडातून काहीही घालू नये, मदत मागवावी.

हे टाळायचं तर तासाला अर्धा ते एक लिटर पाणी, तहान लागेल तसं घोटाघोटानं, आणि प्रत्येक थांब्याला काही तरी खारट. नेहमीच्या दिवसाच्या दुप्पट खाणं लागतं असं धरून बांधावं. गोड बार उन्हात घशाखाली उतरत नाहीत, आणि सोबती ‘भूक नाही’ म्हणतो ते बहुधा खरं असतं, कारण उन्हात भूक मरते. म्हणून घड्याळ लावून दर अर्ध्या तासाला दोन घास खायचे. ओआरएसची पुडी नेली तर पुडीवर छापलेल्या मापाइतकंच पाणी घालायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी एक लिटरसाठी असते, तीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ती अर्ध्या लिटरमध्ये कालवली तर फार दाट होते आणि पोट बिघडतं, दोन लिटरमध्ये घातली तर निम्मी ताकद. पुडी नसेल तर एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. पाय दुखतात म्हणून चढणीआधी आयबुप्रोफेनसारखी गोळी घेण्याची सवय आम्हांला विशेष खटकते. पाणी कमी असलेल्या शरीरात ती मूत्रपिंडांवर ताण आणते आणि सोडियम घटण्याचा धोकाही वाढवते.

उष्माघाताबद्दल एक घातक गैरसमज आहे: कातडी कोरडी पडली तरच तो उष्माघात, घाम येतोय तोवर काळजी नाही. चालण्या-चढण्यातून होणाऱ्या उष्माघातात माणूस घामानं ओला असू शकतो. बघायचं ते वागणं. अंग तापलंय आणि माणूस गोंधळलाय, तोल जातोय, ओळखीच्या गोष्टी सांगता येत नाहीत, एवढं पुरेसं आहे. अशा वेळी आधी थंड करायचं, मग बाकी सगळं. सावलीत आडवं करा, जास्तीचे कपडे काढा, असेल नसेल तेवढं पाणी अंगावर, मानेवर, काखेत, जांघेत ओता आणि टोपीनं, नकाशानं, कशानंही वारा घाला. पिण्याचं पाणी अंगावर ओतायला जीव होत नाही, पण त्या घडीला ते तिथंच लागतं. जवळ ओढा असेल तर डोकं वर धरून ओढ्याच्या उथळ पाण्यात बसवा. कोलोराडो नदीत मात्र उतरू नका. ती धरणाच्या खोल पाण्यातून येते, पात्रात गारठा आणि ओढ दोन्ही जबर असतात.

सुती कपड्यांचा इथं उपयोग आहे. थंडीच्या ट्रेकवर सुती कपडा नको म्हणतात ते बरोबर, पण कोरड्या उन्हात सुती शर्ट प्रत्येक पाण्याच्या जागी भिजवून घातला तर पुढचा बराच वेळ तो अंग गार ठेवतो. उलट अरुंद घळीत, जिथं ऊन तळाशी पोचत नाही आणि रांजणखळग्यांतलं पाणी बर्फासारखं असतं, तिथं तोच शर्ट माणसाला कुडकुडवतो. एकाच दिवसात दोन्ही प्रकारच्या जागा येणार असतील तर कोरडा लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा पाणी न शिरणाऱ्या पिशवीत हवा.

विनोदी लेखांशी या सगळ्याचा थेट संबंध आता सांगतो. जोडीनं चालताना विनोद हीच उत्तम मोजपट्टी आहे. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, एक किस्सा सांगताना तीनदा थांबावं लागत असेल, तर वेग जास्त आहे, कमी करा. सकाळपासून चेष्टा करणारा गप्प झाला, चिडचिडा झाला किंवा कारण नसताना हसत सुटला, की थांबा. अडखळणं, पुटपुटणं, हातातून वस्तू पडणं आणि कुरकुर या चारांपैकी दोन एकत्र दिसली तर पुढं जाण्याचा विषय संपला. दर तासाला दहा मिनिटांची बैठक हवी, पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर टेकवून, आणि त्या बैठकीत वरचेच प्रश्न: काय खाल्लं, लघवी कधी झाली, पाणी किती उरलं. हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून निघतानाच ठरवून टाकावं की दोघंही एकमेकांना हे विचारणार. शंका आली तर शंभरातून सात-सात वजा करायला सांगा. तीन-चार पायऱ्या न जमणारा माणूस स्वतःबद्दलचा निर्णय घ्यायच्या स्थितीत नाही, मग तो ‘मी ठीक आहे’ कितीही ठासून म्हणो. आणि ‘मी इथंच राहतो, तू जा’ हे वाक्य आलं की त्याला एकटं सोडायचं नाही.

वर काठावर उभं राहून आणखी दोन करार करावेत. हळू चालणारा पुढं, वेगवान मागं. उलट केलं तर पुढचा थांबून विश्रांती घेतो आणि मागचा पोचताच ‘चला’ म्हणतो, म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्याला ती मिळतच नाही. निम्म्या भांडणांचं मूळ यात असतं. दुसरं, दोघांपैकी कुणीही ‘परत’ म्हणालं की परत, वाद न घालता. आग्रहाखातर आलेल्या सोबत्याला हा हक्क काठावरच, मोठ्यानं बोलून द्यावा लागतो. नाही तर तो भिडेपोटी गप्प राहून उतरत जातो.

पायांबद्दल थोडक्यात. उतरणीत बूट पुढून लहान पडतात, नखं आपटून काळी होतात आणि संध्याकाळी सोबती बूट हातात घेऊन बसतो. नखं आदल्या दोन दिवसांत आखूड कापावीत, उतरण्याआधी नाडी घोट्याशी आवळून टाच मागं बसवावी, काठ्या उतरताना थोड्या लांब आणि चढताना आखूड कराव्यात. फोड येण्याआधी जी जागा गरम वाटते, तिथं तेव्हाच थांबून चिकटपट्टी लावावी. गुडघ्यावरच्या स्नायूंना उतरण्याची सवय जिने उतरून आधी लावता येते. सपाटीवर मैलोगणती चालून ती लागत नाही.

खेचरांची रांग आली तर वाटेच्या आतल्या, चढाच्या बाजूला, कड्यापासून दूर उभं राहावं, हलू-बोलू नये, हाकणारा सांगेल ते ऐकावं आणि शेवटचं खेचर १५ मीटर पुढं गेल्याशिवाय वाटेवर उतरू नये. फोटोसाठी कड्याच्या बाजूला उभं राहणारा सोबती हा विनोदी लेखांत हमखास असतो. खेचर बुजलं तर ते त्याच बाजूला ढकलतं. प्राण्यांमध्ये साप-विंचवांची भीती फार आणि खारींचं कौतुक फार, पण ग्रँड कॅन्यनमध्ये माणसांना चावतात त्या मुख्यतः खारीच, हातातून खाऊ देताना. डोमकावळे सॅकची चेन उघडतात. मुक्कामाच्या तळांवर अन्नासाठी लोखंडी डबे ठेवलेले असतात, ते वापरावेत. साबण आणि टूथपेस्टही त्यांतच. सकाळी बूट झटकून घालावेत, विंचू सावली आणि ओल शोधतो. चोया नावाच्या निवडुंगाचा तुकडा पोटरीला चिकटला तर हातानं ओढू नये, दुसरा हातही अडकतो. मोठ्या दातांचा कंगवा तुकड्याखाली सारून झटक्यात उडवायचा, उरलेले काटे चिमट्यानं. कंगवा डोक्याच्या केसांसाठी नाही आणला तरी यासाठी आणावा.

अरुंद घळींचा धोका वेगळा आहे आणि तो उन्हात दिसत नाही. तिथला कातळ पाणी शोषत नाही, त्यामुळं कित्येक किलोमीटर वर पडलेला पाऊस मिनिटांत खाली येतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. वादळ घळीपासून दूर, वरच्या पाणलोटात झालं होतं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी शेजारच्या युटा राज्यातल्या झायन उद्यानातल्या कीहोल कॅन्यनमध्ये ७ जण दगावले. जॉर्डनमधल्या पेट्रा या प्राचीन नगरीत नेणाऱ्या सिक नावाच्या अरुंद घळीत एप्रिल १९६३ मध्ये वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक पुरात गेले. अमेरिकेच्या त्या भागात जुलै ते मध्य सप्टेंबर हा वळवासारख्या वादळांचा काळ. तेव्हा हवामान बघताना घळीचं नव्हे, तिच्या सगळ्या पाणलोटाचं बघायचं. घळीत शिरताना भिंतींवर नजर ठेवायची: डोक्याच्या वर अडकलेले ओंडके आणि काटक्या मागच्या पुराची उंची सांगतात. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहू लागली, घळीच्या वरच्या अंगानं वारा सुटला किंवा घरघर ऐकू आली तर पळत सुटू नये. पुराच्या पुढं धावणं जमत नाही. जिथं असाल तिथं वर चढा, चार-पाच मीटरही पुष्कळ ठरतात. सॅक सोडून द्या. घोट्याच्या थोडं वर, म्हणजे १५ सेंटिमीटर, वेगानं वाहणारं पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं. झायनची नॅरोज ही नदीच्या पात्रातून जाणारी वाट नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की बंद करतात, आणि ते योग्य आहे.

उडी मारून खाली उतरलेल्या टप्प्यावर परत चढता येईल का, हे उडीआधी बघावं. दोराची वाट असेल तर पुढचा टप्पा खात्रीचा असल्याशिवाय मागचा दोर ओढून घेऊ नये.

ओलसर घळींत फसवी वाळू भेटते. पाय गुडघ्यापर्यंत गेला की सोबती हसतो आणि हात धरून सरळ वर ओढतो. पायाभोवती पोकळी तयार होऊन ती आणखी घट्ट पकडते. अडकलेल्यानं मागं रेलून वजन पसरावं, पाय हळूहळू हलवून भोवती पाणी शिरू द्यावं, काठी आडवी टाकून तिचा आधार घ्यावा. फेब्रुवारी २०१९ मध्ये झायनमधल्या सबवे वाटेवर एकाचा पाय असा रुतला. सोबतीण फोनची रेंज मिळेपर्यंत काही तास चालत गेली म्हणून मदत आली. उलट २००३ मध्ये युटातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एरन रॉल्स्टन एकटा होता, कुठं जातोय हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. सरकलेल्या धोंड्याखाली हात सापडून तो पाच दिवसांहून जास्त अडकला आणि शेवटी स्वतःचा हात कापून सुटला.

दोघंच असताना एक आजारी पडला तर जायचं की थांबायचं? वाट वर्दळीची असेल तर थांबावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर लेखी निरोप पाठवावा: नाव, वय, नेमकी जागा, कधीपासून काय होतंय, कोणती औषधं चालू आहेत, पाणी-अन्न किती. तोंडी निरोप चार माणसांत बदलतो. ब्राइट एंजलवर विश्रांतिघरांपाशी आणीबाणीचे फोन आहेत. निर्जन जागी जावंच लागलं तर आजाऱ्याला सावलीत, कुशीवर, पाणी आणि शिट्टी हाताशी ठेवून जावं. मात्र शुद्धीत असलेल्या, फक्त थकलेल्या माणसासाठी बहुतेक वेळा औषध एकच: सावली, खारट खाणं, ओला शर्ट आणि ऊन उतरेपर्यंत दोन-चार तास बसून राहणं. मग दिव्याच्या उजेडात सावकाश वर. यासाठीच दिवे दोन लागतात. फोन खोल घळीत रेंज शोधून शोधून संपतो, तो विमान-मोडवर ठेवावा. आणि उंच भिंतींमध्ये जीपीएसचा ठिपका शंभर मीटर इकडंतिकडं उडू शकतो, त्यावर विसंबून आडवाट धरू नये.

नदीचं गढूळ पाणी गाळणीत घातलं की गाळणी तुंबते. ते भांड्यात रात्रभर निवळू द्यावं. घाई असेल तर चार लिटरला चिमूटभर तुरटी फिरवावी, वरचं नितळ पाणी काढावं आणि मग निर्जंतुक करावं. शौचासाठी पाण्यापासून ६० मीटर दूर, १० ते १५ सेंटिमीटर खोल खड्डा, कागद पिशवीत परत. जिथं माती नाही अशा अरुंद घळीत सगळंच पिशवीत परत. कोलोराडोच्या काठी मुक्काम असेल तर लघवी थेट नदीत करायची, हा तिथला नियमच आहे. वाळूवर केली तर मोजक्या तळांना दुर्गंधी येते. काळपट, खरबरीत दिसणाऱ्या मातीच्या सालीवर पाय देऊ नये. ती जिवंत असते आणि मोडली तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

संपादक महोदय, आमची मागणी एवढीच आहे. असे लेख जरूर छापा, पण प्रत्येकासोबत त्या वाटेची पाच-सहा ओळींची चौकट द्या आणि ती लेखकाकडूनच मागून घ्या. ब्राइट एंजलची चौकट अशी होईल: ‘हवासुपाई गार्डन्सपर्यंत एका बाजूनं ७.२ किलोमीटर, उतार सुमारे ९३० मीटर. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ. उन्हाळ्यात पहाटे निघावे, १० ते ४ सावलीत थांबावे. माणशी ४ लिटर पाणी आणि खारट खाणे. वाटेतल्या नळांची त्याच सकाळी चौकशी करावी. रात्रीच्या मुक्कामाला परवाना लागतो. परतण्याची वेळ काठावरच्या कुणाला तरी लिहून द्यावी, आणि ती टळल्यावर किती तासांनी कळवायचे तेही लिहावे. सोबती अडखळू किंवा असंबद्ध बोलू लागला तर तिथेच थांबावे.’

आपले,
वाळवंटी वाटांवर चालणारे काही वाचक